बारमाही पिलं

माहेरची बढाई मारल्याशिवाय सुनेला सासरचं अन्न पचत नाही, असं आमच्या आत्याबाई म्हणायच्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याबाई आणि सासऱ्यांना मामंजी म्हणायची रीत होती. कुणाच्या माहेरी आमराई असते, कुणाचा भाऊ हैदराबादेत कचेरीत असतो. माझ्या माहेरी यातलं काहीच नव्हतं. माझ्या माहेरी कुत्री होती.

हसायचं तर हसा. पण त्या काळी, मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात, आमच्या पाली गावच्या कारवानी कुत्र्याला बीडच्या आसपास मान होता. उंच, सडपातळ, लांब तोंडाचं जनावर; सशामागे सुटलं की दिसेनासं व्हायचं आणि ससा तोंडात धरूनच परत यायचं. अप्पा, म्हणजे माझे वडील, एका वेळी एकच कुत्री पाळायचे. भादव्यात तिला बैलगाडीत घालून पार धर्मापुरीला न्यायचे, तिथल्या एका ओळखीच्या माणसाच्या कुत्र्याकडे. गावात काय नर कमी आहेत, असं कुणी विचारलं तर म्हणायचे, आपण भावकीत सोयरीक करतो का? कार्तिकात पिलं व्हायची. संक्रांत झाली, पिलं आपल्या दातांनी भाकर खायला लागली, की माणसं न्यायला यायची. आणि एखाद्या भादव्यात अप्पा गाडी जुंपायचेच नाहीत. कुत्रीला घरात कोंडून ठेवायचे आणि म्हणायचे, औंदा तिला इसावा.

पिलाचे पैसे कुणी घेत नसे. विकत घेतलेलं कुत्रं पैशाची राखण करतं, घराची नाही, असा समज होता. नेणाऱ्यानं फक्त बाळंतिणीची भाकर आणायची. ज्वारीच्या पिठात गूळ आणि तूप घालून जाड थापलेली भाकर, तिचं नावच ते. ती त्यानं आपल्या हातानं पिलांच्या आईला चारायची. आई गुरकावली तर मुकाट्यानं परत जायचं आणि चार दिवसांनी पुन्हा यायचं. नाही गुरकावली, तर तिनं पिलू दिलं असं समजायचं. अप्पा तोवर बाजूला तंबाखू मळत बसून असायचे. देणारी ती आहे, मी कोण मधला, असं त्यांचं म्हणणं.

अप्पा गेले तेव्हा माझं लग्न होऊन मी चकलांब्याकडच्या एका वस्तीवर नांदत होते. पुढच्या वर्षी दादाचं, माझ्या भावाचं, लग्न झालं आणि घर त्याच्या हातात आलं. दादा अप्पांसारखा तंबाखू मळत बसणारा नव्हता. बीडचे अमीन साहेब, म्हणजे फौजदार, शिकारीला आले, त्यांना त्यानं एक पिलू नजर केलं. मग तहसीलदारांनी मागितलं, मग कुणा जहागीरदाराचा माणूस हैदराबादेहून आला. दादाच्या लक्षात आलं की आपल्या अंगणात काय बांधलेलं आहे. मी पंचमीला माहेरी गेले तर अंगणात पिलं खेळत होती, आणि फाल्गुनात कुणाच्या लग्नाला गेले तेव्हाही होती. मला वाटलं, बरकत म्हणतात ती हीच.

सासरी येऊन मी सांगितलं, आमच्याकडे आता बारमाही पिलं असतात. आत्याबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "कुत्री हायती का मोटंखालचा मळा?" सगळं घर हसलं. मीही हसले, पण मनातून फुगलेच. एकटे मामंजी हसले नाहीत. बारमाही होय, एवढंच म्हणाले आणि पुन्हा दोर वळायला लागले.

दादाच्या पिलांबद्दल वाईट बोलणारे होते. कुणी म्हणे, नेलेलं पिलू महिन्याभरात थरथरून मेलं. कुणी म्हणे, मागचे पाय लुळे पडले. मी म्हणायची, जळतात मेले. माझ्या भावाचं चांगलं चाललंय ते यांच्या पोटात दुखतं.

त्या वर्षी पावसाळा सरता सरता आमचं म्हातारं कुत्रं मेलं आणि लांडग्यानं शेळ्यांच्या वाडग्यातली दोन करडं ओढून नेली. नवं कुत्रं आणायलाच हवं होतं. शेजारच्या धनगराच्या कुत्रीला लवकरच पिलं होणार होती, त्यातलं एक तो आनंदानं देत होता. मी अडून बसले. माझं माहेर असताना धनगराच्या दारात जायचं? मग लोक काय म्हणतील, बारमाही पिलं होती ती कुठं गेली? विहिरीवरच्या बायकांना मी आधीच सांगून मोकळी झाले होते की माझ्या माहेरचं कुत्रं येतंय. सासरी माझं जे काही वजन होतं, ते सगळं त्या एका पिलावर येऊन ठेपलं होतं. तान्हं पोर मांडीवर, दागिना म्हणावा असा अंगावर एक नाही, माहेराहून भरून काही आलेलं नाही. मग बाईनं बोलायचं तरी कशाच्या जोरावर?

भाऊबीज जवळ आली होती. घरचे पेरणीत गुंतलेले, म्हणून मामंजीच मला घेऊन निघाले. निघताना आत्याबाईंनी बाळंतिणीची भाकर फडक्यात बांधून दिली आणि म्हणाल्या, "आमच्या नव्या विहीणबाईला द्या. म्हणावं, लेकरू सुखात नांदवू." गाडीवानसुद्धा हसला. गेवराईला एक मुक्काम करून आम्ही दुसऱ्या दिवशी भाऊबिजेला दुपारकलती पालीला पोचलो. सगळी वाट मी मामंजींना मागे बसून अप्पांच्या गोष्टी सांगत होते. एरवी सासऱ्यांपुढे तोंड उघडायची सोय नव्हती, पण गाडीत ते पुढे बघत बसलेले, त्यामुळे मला धीर आला होता.

दादानं स्वागत जोरात केलं. डोक्याला नवा जरीचा फेटा होता. ओसरीवर घोंगडी अंथरली, पाय धुवायला पाणी दिलं. अंगणात लिंबाखाली एक कुत्री बांधलेली होती. अंगावर तेल लावल्यासारखी चकाकत होती. शेजारी टोपल्यात चार पिलं. मी मामंजींकडे चोरून बघितलं. बघा म्हटलं मनात, माझं माहेर.

मामंजींनी फडकं सोडलं आणि त्या कुत्रीपुढे उकिडवे बसून भाकरीचा तुकडा पुढे केला. तिनं तो झडप घालून खाल्ला. सगळी भाकर खाल्ली, हात चाटले, शेपूट हलवली. गुरकावण्याचं नाव नाही. दादा म्हणाला, दिलं बगा तिनं, आता कोणचं बी उचला.

मामंजींनी पिलू उचललं, पण घेतलं नाही. ते तिच्या पुढ्यात ठेवलं. पिलू जागचं हललं नाही. कुत्रीनं त्याला हुंगलं आणि दात दाखवले. पिलू लोळण घेत टोपल्याकडे पळालं. मग मामंजींनी कुत्रीच्या पोटाखालून हात फिरवला. मी लेकुरवाळी बाई. मला तो हात फिरवायची गरजच नव्हती. ते पोट आवळ, कधी दूध न उतरलेलं, कोरं होतं. मघाशी अभिमानानं ताठ झालेली माझी मान आपोआप खाली गेली.

"ही आई न्हाई," मामंजी म्हणाले.

दादानं हसण्यावारी नेलं. म्हणाला, आई मागं आहे, जरा चावरी आहे, पाहुण्यांना कशाला त्रास म्हणून हिला पुढं बांधली. रीत झाल्याशी कारण. भाकर खाल्ली ना एका कुत्रीनं? मामंजींनी विचारलं, यांचा बाप कुठला, धर्मापुरीचा का? दादा म्हणाला, एवढ्या लांब कोण जातंय आता, त्यांच्या आईचाच पोरगा आहे, घरचा नर. हे त्यानं माझ्यासमोर, माझ्या सासऱ्यांना, पेंडीचा भाव सांगावा तसं सांगितलं. मामंजी बोटं मोजल्यासारखं करून म्हणाले, भादवा तर आत्ता सरलाय, ही पिलं कवाची? दादानं गूळपाणी आणायला आत हाक मारली.

मामंजी ओसरीवर येऊन बसले. गूळपाणी पुढे ठेवलं होतं त्याला त्यांनी हात लावला नाही. पाहुण्यानं घरातलं पाणी न घेणं म्हणजे काय असतं, ते सांगायला नको. माझ्या अप्पांच्या ओसरीवर माझा सासरा पाण्याला शिवेना. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"भाकर चुकीच्या तोंडात गेली," ते म्हणाले. "दुसरी करून द्या. मी आईला चारतो आन् मग पाणी पितो."

दादा रागानं उठून गावात निघून गेला. आता उरलो मी आणि वहिनी. वहिनी चुलीपुढे होती. पाचव्या वर्षाला चौथं लेकरू पोटात होतं, धाकटं अजून अंगावर पीत होतं. तोंडावर वांग आलेले, हाताच्या काड्या झालेल्या. पंचमीला आले होते तेव्हाही ती अशीच दिसत असणार. तेव्हा मी पिलं बघत होते. तिनं न बोलता पीठ काढलं, गूळ चिरला. तूप शिंक्यात होतं, अमीन साहेब जेवायला येणार म्हणून राखलेलं. तिनं ते खाली काढलं आणि सगळं पिठात ओतलं. मी म्हटलं, अगं, दादा ओरडेल. ती म्हणाली, ओरडू द्या.

भाकर झाल्यावर तीच पुढे झाली. पोर काखेत, पोट सांभाळत, कडब्याच्या गंजीमागे. मामंजी तिच्यामागे आणि मी डोक्यावरचा पदर ओढून सगळ्यांच्या मागे.

गंजीमागे काट्यांचं कुंपण घालून आडोसा केला होता. आत तीन कुत्र्या होत्या, तीन खुंट्यांना आखूड दोरीनं बांधलेल्या. वास असा की मी पदर नाकाला लावला. दोघी उठून उभ्या राहिल्या. तिसरी उठलीच नाही. केस झडून कातडं दिसत होतं, गळ्यात दोरीचा वळ काळा पडला होता, आणि आचळं मातीत लोळत होती. टोपल्यातल्या पिलांचीच डोळे उघडलेली दोन भावंडं त्यांना लोंबकळून चोखत होती. दूध येत होतं की नाही, देवाला ठाऊक. कपाळावरच्या पांढऱ्या चांदणीवरून मी तिला ओळखलं. अप्पांच्या शेवटच्या वेतातलं पिलू होतं ते. माझ्या लग्नाच्या आधल्या हिवाळ्यात हेच पिलू माझ्या परकराच्या घोळात झोपायचं.

मामंजी तिच्याजवळ बसले. तिला भाकर चावेना. दात हलत होते. त्यांनी पाण्याचा तांब्या मागितला, तळहातावर भाकर भिजवून तिचा काला केला आणि बोटानं तिच्या तोंडात घातला. ती मिटल्या डोळ्यांनी गिळत राहिली. सगळी भाकर संपायला बराच वेळ लागला. तेवढ्यात मामंजींनी एक पिलू तिच्या आचळापासून सोडवून उचललं, छातीशी धरलं, पुन्हा खाली ठेवलं. तिनं डोळाही उघडला नाही.

मी वाट बघत होते. मला अजून आशा होती, हे सांगायची मला लाज वाटते. वाटत होतं, भाकर झाली, गुरकावली नाही, आता मामंजी पिलू घेतील आणि पाणी पितील आणि हे सगळं मागच्या मागे मिटेल.

मामंजी उठले. वहिनीकडे बघून नाही, माझ्याकडे बघूनही नाही, असंच म्हणाले, "परका माणूस पिलाला हात लावतो तर आईनं गुरकावलं पायजे. हिच्यात गुरकवायचं बी ऱ्हायलं न्हाई. मग हिनं दिलं असं मी कोणच्या तोंडानं म्हणू?"

मग त्यांनी ती कुत्रीच मागायचं ठरवलं. पिलू नको, ही आई द्या, गाडीत घालून नेतो. दादा परत आल्यावर त्यांनी हात जोडून मागितली. माझा सासरा, वयानं मोठा, माझ्या भावापुढे हात जोडून. दादा नाही म्हणाला. तिच्या पुढच्या वेताचा शब्द दिलेला आहे, म्हणाला.

मला राहवलं नाही. मी तोंडाची तिखट आहे, सासरीही त्यावरून बोलणी खायची. मी दादाला म्हटलं, अप्पा असते तर तुला दारात उभं केलं नसतं. तो शांतपणे म्हणाला, "तूच तर तिकडं बारमाही पिलं म्हणून मिरवतीस. तुझं नाव सांगून तुझ्या भागातले दोघं पिलं घेऊन गेले. तवा ग्वाड लागलं व्हय?"

दिवेलागणीला मी दादाला ओवाळलं. भाऊबीज होती, ओवाळल्याशिवाय कसं निघायचं? त्यानं ताटात चांगलं ठसठशीत लुगडं घातलं. मी त्याच्या तोंडाकडे बघितलं नाही, ज्योतीकडे बघितलं. लुगडं ताटातच राहू दिलं. मामंजींनी त्या रात्रीही घरातलं पाणी घेतलं नाही.

सकाळी निघताना वहिनी ओटी भरायला आली. मी तिचा हात धरून हळूच विचारलं, कावून गं कधी बोलली नाहीस? इतक्या वेळा मी येऊन गेले. ती तांदूळ ओटीत टाकत म्हणाली, "माझा बाप सोयरीक करायला आलता तवा तुमी त्याला वसरीवर गूळपाणी दिलं वन्सं. त्यानं लिंबाखालची कुत्री बघितली, घर चांगलं हाय म्हन्ला. मागं काय त्याला कुनी न्हेलं न्हाई."

खरं होतं. अप्पांचं वर्षश्राद्ध करून मी तेव्हा माहेरीच होते. गूळपाणी मीच नेलं होतं आणि त्या म्हाताऱ्याला हसून म्हटलं होतं, आमचा दादा जनावराला इतका जपतो, तुमच्या लेकीला काय कमी करणार? वहिनीच्या ओठांवर राग नव्हता, गाऱ्हाणं नव्हतं. ओटी भरून तिनं मला कुंकू लावलं आणि गाडीपर्यंत पोचवायला आली. मी गाडीत बसले ती चकलांब्यापर्यंत मान वर केली नाही. मामंजी पुढे बसले होते. त्यांनी वाटेत पोराला मांडीवर घेऊन खेळवलं, बैलांना हाका दिल्या, पण पालीचं नाव काढलं नाही. ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

गाडी वस्तीवर पोचली तेव्हा आत्याबाई दारात होत्या आणि विहिरीवरून परतणाऱ्या दोन बायका कुत्रं बघायला म्हणून थांबल्या होत्या. गाडी रिकामी बघून आत्याबाईंनी भुवया उडवल्या. म्हणाल्या, काय गं, बारमाही मळ्यात औंदा पीक न्हाई? मामंजी मला सांभाळून घ्यायला म्हणाले, पिलं लई बारकी हायती, पुढं बगू. त्यांनी मला वाट करून दिली होती. मी गप्प बसले असते तर माझं माहेर तसंच्या तसं राहिलं असतं.

पण मला वहिनीचा बाप दिसत होता, आमच्या ओसरीवर बसलेला. मी म्हटलं, "पिलं बारकी न्हाईत. माझा भाऊ कुत्र्या बांधून, पिळून मारतोय. आमच्या पालीहून कुनी कुत्रं आणू नका. आन् आणायचंच झालं कुठून, तर आधी घरामागं जाऊन बघा."

त्या बायका घागरी सावरत निघून गेल्या. संध्याकाळपर्यंत साऱ्या वस्तीला कळणार, हे मला माहीत होतं, आणि कळावं म्हणूनच मी बोलले होते. तरी लाजेनं माझे कान तापले होते. आत्याबाईंनी पोर माझ्याकडून घेतलं आणि म्हणाल्या, पाय धू, दमली असशील. संक्रांतीला आम्ही त्या धनगराचं पिलू आणलं. ती कपाळावर चांदणी असलेली कुत्री तोवर मेली होती, ते गेवराईच्या बाजारात कुणीतरी मामंजींना सांगितलं.

त्यानंतर आत्याबाई पुष्कळ वर्षं जगल्या. माझ्या भाकरीला नावं ठेवली, माझ्या जिभेला नावं ठेवली, नव्या सुना आल्या तेव्हा त्यांच्या आमरायांची आणि हैदराबादच्या भावांची टर उडवली. एकदा सगळ्याजणी शेंगा फोडत बसलो होतो, जिच्यातिच्या माहेरावरून थट्टा चालली होती. फिरत फिरत पाळी माझ्यावर आली. मी हसायच्या तयारीनं आत्याबाईंकडे बघितलं. त्यांनी माझ्या सुपात ओंजळभर शेंगा टाकल्या आणि पुढच्या सुनेकडे वळल्या.